खूण आणि शिक्का

उंद्रीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यामुळे रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते अजून सुटलेलं नाही. त्यातल्या एका संदेष्ट्याच्या स्वप्नात समुद्रातून चार श्वापदं निघतात, तो धडा मी डोळे मिटून शिकवते. सिंह म्हणजे बाबेल, अस्वल म्हणजे मेद-पारस, चित्ता म्हणजे ग्रीस आणि लोखंडी दातांचं ते चौथं म्हणजे रोम. राज्यं आली, माजली, गेली. मुलांना फक्त दात आवडतात, राज्यांशी त्यांना देणंघेणं नसतं.

माझ्या आईला हे राज्यांचं कधीच पटलं नाही. तिच्या लेखी श्वापद म्हणजे श्वापदच, आणि ते अजून यायचं होतं. त्यात मध्यंतरी चिखलीला मोठी सभा झाली. बाहेरून आलेल्या प्रचारकानं शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातलं श्वापद घेतलं, लोकांच्या कपाळावर नाहीतर उजव्या हातावर खूण करणारं. जुने अभ्यासक ते रोमच्या बादशहाला लावतात. यानं ते आधार कार्डाला, मोबाइलला, बँकेच्या खात्याला, दिसेल त्याला लावलं. खूण घेतली की संपलात, म्हणाला. आई अगदी पुढे बसून ऐकत होती. तिला तेव्हा दिसत कमी होतं, ऐकू मात्र खणखणीत येत होतं.

थोड्याच दिवसांत डोळ्यांचं शिबिर लागलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकायला आला होता, तो आधी काढायचं ठरलं. भलत्याच डोळ्याचं ऑपरेशन होऊ नये म्हणून तिथे भुवईच्या वर पेनानं फुली करतात. सिस्टरनं आईची हनुवटी धरली आणि प्रेमानं म्हणाली, "आजी, कपाळावर खूण करते हं."

आई उठली, पायानं चाचपून चपला घातल्या आणि दाराकडे निघाली. मी समजावलं, रागावले, सिस्टरनं हात जोडले. आई एवढंच म्हणाली, "मले आंधळी राहू दे. खूण नाही घेत मी."

परतताना बसमध्ये त्या प्रचारकाला समोर उभं करून जाब विचारावा, असा संताप माझ्या मनात होता. तो तर कधीच पुढच्या गावाला निघून गेला होता.

नंतर कित्येक महिने मी तिच्याशी वाद घातला. रोमचा सगळा इतिहास ऐकवला. तुह्या रोमले मी काय करू, म्हणायची. शेवटी एकदा आमच्या चर्चचे पाळक घरी प्रार्थनेला आले. त्यांनी वाद घातलाच नाही. त्याच शेवटच्या पुस्तकातला, श्वापदाच्या काही पानं आधीचा भाग मला मोठ्यानं वाचायला लावला. संकट येण्याआधी देवाच्या सेवकांच्या कपाळावर देवदूत शिक्का मारतात, तो.

"श्वापदाची असते खूण, देवाचा असतो शिक्का," पाळक म्हणाले. "दोन्ही कपाळावरच."

आईनं तो भाग पुन्हा वाचायला सांगितला.

पुढच्या शिबिराला मी आधीच तिथल्या सिस्टरला गाठून कोणता शब्द म्हणायचा नाही आणि कोणता म्हणायचा ते सांगितलं. ती मुसलमान मुलगी होती. हसली नाही, मान हलवली. पण डॉक्टरांनी तपासून मला बाजूला नेलं. मोतीबिंदू जास्त पिकून उजव्या डोळ्यात काचबिंदू झाला होता, तो डोळा आता हातचा गेला होता. डावाच करायचा होता. आईला मी ते सांगितलं.

"आजी, शिक्का मारू का?" सिस्टरनं विचारलं. आईनं पदर मागे सारून कपाळ पुढे केलं.

डाव्या डोळ्यानं ती आता छान वाचते. परवा दुपारी मी भाजी निवडत होते आणि ती देवाच्या सिंहासनाभोवतीच्या चार प्राण्यांचं वाचत होती. सिंह, गोऱ्हा, माणूस, गरुड, आणि अंगभर, पुढे-मागे डोळेच डोळे. एवढे डोळे कायले, तिनं विचारलं. मी रविवारचं ठरलेलं उत्तर दिलं, की देवापासून काही लपत नाही, त्याला सगळं दिसतं.

तिनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"म्हणजे मी त्या दिवशी उठून आली, ते दिसलं असंन त्याले."

दिसलं असेल, मी म्हणाले.

"मंग हेही दिसलं असंन, का मी त्याच्याचसाठी उठली होती."