सुजाता बसली की गाडी वाजत नसे

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलोय, हे आधीच कबूल करतो. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात ना कधी अंगारा आला ना कुणाचा उतारा निघाला. लहानपणी कुणी भुताखेताचं काढलं की वडील एकच विचारायचे, "तू पाहिलंस का? मग गप बस." त्यात माझं पोट विजेवर. जुन्नरजवळच्या एका आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. दिवा लागत नसेल तर कुठेतरी वायर तुटलेली असते, वीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो.

तरी हे लिहितोय, कारण हे ऐकीव नाही. माझ्या कानांनी ऐकलंय... खरं तर ऐकू आलं नाही, तीच तर गोष्ट आहे.

माझी बायको सुजाता. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंचरला. जुन्नरहून एसटीने नारायणगाव, तिथे गाडी बदलायची, मग कळंबवरून मंचर. जाताना ठीक असायचं. येताना तिच्यात त्राण उरत नसे. नारायणगावच्या स्टँडवर माझ्या खांद्याला टेकून डोळे मिटून उभी राहायची. पण आशा होती. तिची धाकटी बहीण कविता, घोडेगावला दिलेली, किडनी द्यायला तयार झाली होती. तपासण्या जुळल्या होत्या, फक्त मंजुरी यायची होती. "सहा-आठ महिने काढायचे, मग आपण सुटलो," असं मी रोज म्हणायचो. त्या सहा-आठ महिन्यांसाठीच गाडी घ्यायची ठरवली.

नव्या गाडीला वेटिंग होतं. जुनीपानी घेतली आणि रस्त्यात बंद पडली तर तिचे हाल. मग पुण्यातल्या एका गाडी शोधून देणाऱ्या सेवेचा नंबर मिळाला. कशी गाडी पाहिजे ते आपण फोनवर सांगायचं. ते शोधतात, तपासतात आणि दारात आणून उभी करतात. रूपेश नावाचा माणूस बोलला. पहिलंच विचारलं, "सर, गाडीत कोण बसणार?" मी सगळं सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "समजलं. धक्के कमी, सीट आरामाची. शोधतो मी."

तीन आठवड्यांत गाडी दारात. पांढरी, अकरा महिन्यांची, एकच मालक, मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. "का विकली?" मी विचारलं. "फॅमिली रीझन, सर." मी पुढे विचारलं नाही. आपण तरी कुठे सगळं सांगतो...

पहिले चार महिने खरंच सुखाचे गेले. त्रास एवढाच की सुजाताच्या छातीत डाव्या बाजूला डायलिसिसची नळी बसवलेली होती आणि सीटबेल्ट नेमका तिथेच घासायचा. बेल्ट नाही लावला की गाडी टिंग-टिंग बोंबलायची. मग ती नॅपकिनची घडी मध्ये ठेवून बेल्ट हाताने उचलून धरायची. "लई वटवटी हाये तुमची गाडी," म्हणायची.

एका गुरुवारी ती बेल्ट न लावता बसली आणि गाडी वाजलीच नाही.

आम्ही दोघंही खूश झालो. मला वाटलं, सेन्सर गेला, बरंच झालं. मंचरपर्यंत ती मोकळी बसून आली, कळंबला थांबून नारळपाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी कविता आली होती, तिला स्टँडवर सोडायला निघालो. ती पुढे बसली मात्र, टिंग-टिंग सुरू! शनिवारी सुजाता बसली. काही नाही.

मी म्हटलं, वजन. डायलिसिसने ती खंगली होती, एकेचाळीस किलोवर आली होती. ठराविक वजनाखाली सेन्सर माणूस धरत नाही, हे मला माहीत होतं. पण आमची आर्या आठवीत, आईपेक्षाही हलकी. ती बसली की वाजायचं.

रविवारी सकाळी मी अंगणात गाडीचं दार उघडून बसलो. सीटखालचं कनेक्शन सोडवलं, मीटर लावून तपासलं, परत जोडलं. सगळं व्यवस्थित. मग घरातून तांदळाची दहा किलोची पिशवी आणून सीटवर ठेवली आणि चावी फिरवली. वाजलं. तेवढ्यात सुजाता दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय सकाळधरनं?"

"सेन्सर बघतोय."

"मी बसू का?"

मी नको म्हणायच्या आत तिने पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि बसली. चावी फिरवली. शांत. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की तू कडेला बसतेस, वजन मधोमध पडत नाही...

"द्या ती पिशवी हिकडं."

पिशवी तिने मांडीवर घेतली. मी परत चावी फिरवली. सीटवर आता पन्नासच्या वर किलो होते. गाडी गप्प. मग तिने हळूच पिशवी सीटवर सरकवली आणि ती उतरली. तिचा पाय जमिनीला लागला आणि टिंग-टिंग सुरू झालं.

"म्हंजी मीच," ती म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी लॅपटॉप लावला, अर्धा तास बघितलं. "साहेब, एक पण एरर न्हाई. वाजतंय की वेवस्थित." मेकॅनिक स्वतः बसला, वाजलं. पुढे काय सांगणार त्याला? माझी बायको बसली की वाजत नाही म्हणून?

मी रूपेशला फोन करून आधीच्या मालकाचा नंबर मागितला. नियमात बसत नाही म्हणाला. दोन दिवसांनी त्यानेच पाठवला, खाली लिहिलं होतं, "त्यांना विचारून देतोय सर." फोन एका बाईंनी उचलला. मी एवढंच म्हणालो, "जुन्नरहून बोलतोय. तुमची गाडी मी घेतलीय."

मग त्यांनी विचारलं,

"कुणासाठी बंद झालं?"

सीटबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो. रूपेशलाही सांगितलेलं नव्हतं.

"मिसेससाठी," मी म्हणालो.

"माझ्या मिस्टरांसाठी झालं होतं," त्या म्हणाल्या. "मी चालवायचे, ते शेजारी बसायचे. धडधाकट होते हो. आम्ही हसलो होतो त्यावर. गाडीसुद्धा तुम्हाला मोजत नाही, असं मी म्हणाले होते त्यांना..." आणि त्या रडायला लागल्या. त्यानंतर किती दिवसांनी ते गेले, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

त्या दुपारी मी बॉनेट उघडलं आणि बॅटरीचं टर्मिनल, म्हणजे वायरची जोडणी, पान्याने सोडवून ठेवलं. सुजाताला म्हणालो, गाडीत बिघाड आहे, पार्ट यायचाय. पुन्हा एसटी. पुन्हा नारायणगावचा स्टँड, माझ्या खांद्यावर तिचं डोकं. मी शिकलेला माणूस, विज्ञान मानणारा, सीटमधल्या एका घंटीला घाबरून आजारी बायकोला बसच्या रांगेत उभं करत होतो. मी तिच्याशी बोलायचो, औषधं द्यायचो, पण नजर वर उचलत नव्हतो. तिच्याकडे पाहिलं की मला ती गेल्यासारखीच वाटायची.

एकदा परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "गाडीला दिसत न्हाई ते ऱ्हाऊ द्या. तुमी तरी बघा की माझ्याकडं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतरच्या बुधवारी, सकाळी पावणेआठला, ती आर्याची वेणी घालत होती. त्या दिवशी डायलिसिस नव्हतं, रात्री नीट झोपलीही होती. "सरळ बस गं," एवढं म्हणाली आणि आर्याच्या पाठीवरच कलंडली. श्वास चालू होता. मी तिला उचलून अंगणात आणलं, गाडीचं दार उघडलं, तिला सीटवर ठेवलं, चावी फिरवली...

काहीच नाही. ना घंटी, ना इंजिन. बॅटरीचं टर्मिनल माझ्याच हाताने सोडवलेलं होतं. दहा नंबरचा पाना कुठे ठेवला ते आठवेना. आर्या रस्त्यावर धावली, ओरडत. भाजीचा टेम्पो थांबला, त्या माणसाने कॅरेट खाली टाकले आणि आम्ही तिला मागे आडवी घातली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम वाढलं, हृदय थांबलं, या पेशंटमध्ये कधीही होऊ शकतं. दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. असं त्यांनी दोनदा सांगितलं. दोनदा का सांगितलं, हा विचार मी अजून करतो.

चौथ्या दिवशी मंजुरीचा फोन आला. कविताने घेतला. "पेशंट न्हाई आता," म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन तिथेच खाली बसली.

सुजाताच्या मरणाचं कारण मला कळतं. किडनीच्या पेशंटचं असं होतं, मला मान्य आहे. कळत नाही ते हे, की सीटखाली एक साधा स्विच असतो, दाब पडला की जोडला जातो, त्याला नाव-गाव कळत नाही. तो तांदूळ ओळखत होता, आर्याला ओळखत होता, आणि जिवंत, बोलत्या सुजाताला आठवडाभर ओळखत नव्हता. मी डायग्रॅम काढून पाहिले. आयटीआयमधल्या सहकाऱ्यांना नाव न सांगता विचारलं. शक्य नाही म्हणतात. आणि त्याहून वाईट प्रश्न दुसराच आहे. गाडीला आधी कळलं होतं, की गाडी गप्प झाली म्हणून मी जे केलं त्यानेच ती गेली?

रूपेशचा मध्यंतरी फोन आला होता. "सर, वापरत नसाल तर लगेच गिऱ्हाईक आहे." कुणाला देऊ?

गाडी अंगणातच आहे, टर्मिनल सोडलेलं. आर्या शाळेतून आली की डाव्या सीटवर जाऊन बसते, दप्तर मांडीवर घेऊन. तिथे आईचा वास येतो म्हणते.

परवा तिने काच खाली करायचा प्रयत्न केला, होईना. मग मला हाक मारली, "पप्पा, एकदा चालू करा ना. फक्त एकदाच."

पाना माझ्या खिशात होता. हल्ली तो खिशातच असतो. मी बॉनेटपर्यंत गेलो, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, "पार्ट यायचाय बाळा."

याचं स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे नाही.