गुलाबराणीची गाडी आणि बुजवलेलं भोक

सकाळची वेळ होती. माझ्या नवऱ्याची, ग्रॅहमची, लापशी पातेल्याच्या बुडाला धरायच्या बेतात होती, आणि आमची लेक हेदर डोक्यात केस कुरळे करायची गुंडाळी अडकवून आरशासमोर हात हलवायचा सराव करत होती. मनगट फिरवायचं, कोपर नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. शनिवारी ती गावच्या जत्रेची गुलाबराणी होणार होती. इतक्यात मागच्या दारावर थाप पडली. थाप कसली, कुणीतरी दाराला लाथ मारत होतं.

दार उघडलं तर शेजारचे क्लिफर्ड ऑर्मरॉड. पायात घरातल्या सपाता, डोक्यावर चपटी टोपी, आणि दोन्ही हातांत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड. बाळाला धरावं तसं धरलेलं. हात मोकळे नव्हते म्हणून लाथ.

"सिल्व्हिया, पोरी, तुझं गरम पाण्याच्या टाकीचं ऊबदार कपाट रिकामं आहे का गं?"

"त्यात माझ्या चादरी सुकताहेत. काय आहे ते?"

"बॅटरी. जरा ओल लागलीय तिला. विनीने घराबाहेर काढलं."

"बॅटरीला?"

"आम्हा दोघांना."

विनीचा हा नवरा, क्लिफर्ड, म्हणजे जन्मभर बसवर तिकीट तपासनीस. लँकाशायरच्या आमच्या भागात त्यांनी तिकीट न बघितलेला माणूस सापडायचा नाही. स्वतःच्या सासूलाही त्यांनी एकदा बसमधून उतरवलं होतं म्हणतात. अशा काटेकोर माणसाने तरुणपणी एकच उधळेपणा केला. दोन माणसं बसतील अशी, कापडी छताची, लाल उघडी गाडी घेतली. मुलंबाळं झाली नाहीत, गाडी राहिली. पुढे गावाच्या जत्रेला गुलाबराणीची मिरवणूक त्याच गाडीतून निघायला लागली. छत मागे दुमडायचं, त्यावर राणीने बसायचं, मखमली झगा मागे सोडायचा, आणि क्लिफर्डनी चालत्या माणसाच्या वेगाने गाडी हाकायची. वर्षातला तो एक दिवस ते टाय बांधत.

गेल्या वर्षी घात झाला. पाऊस तर दरवर्षीच असतो, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. पण गाडी ऐन युद्धस्मारकासमोर बंद पडली. बॅटरीने मान टाकली. मागून गावाचा बँड येत होता. त्यातल्या ट्राँबोनवाल्यांनी वाद्यं राणीच्या मांडीवर दिली आणि गाडी ढकलत चर्चपर्यंत नेली. राणी ट्राँबोनच्या आडून हात हलवत होती. बँडमास्तर चिडला. यंदा जत्रेच्या कमिटीच्या थेल्मा हॅल्सॉल यांनी बँडला मिरवणुकीच्या अगदी पुढे नेऊन ठेवलं.

"ठेवा की पुढे!" क्लिफर्ड सभेत म्हणाले होते. "समुद्रात नेऊन ठेवा! माझ्या गाडीला बँडची गरज नाही!"

"मिस्टर ऑर्मरॉड," थेल्माबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात माझ्यासमोर गाडी सुरू करून दाखवा. नाही झाली तर मिस्टर ग्रिमशॉ आपली गाडी द्यायला तयार आहेत."

ग्रिमशॉ म्हणजे गावातले अंत्यसंस्कारवाले. त्यांची लांब काळी गाडी कधी बंद पडत नाही. आणि पडलीच तर आतला माणूस तक्रार करत नाही.

तेव्हा बॅटरीचा मामला आमच्या घरात सगळ्यांनाच कळत होता. गुंडाळी सावरत हेदर स्वयंपाकघरात आली.

"आई, मी त्या मढ्याच्या गाडीत बसणार नाही. आधीच सांगते."

"नाही बसवत तुला बाळा," क्लिफर्ड म्हणाले, पण त्यांचा आवाज बसमधल्या आवाजासारखा नव्हता.

मी टॉवेल उलगडून बघितला. विनीचा चांगला, कडेला वेलबुट्टी असलेला टॉवेल. त्याला जागोजागी चाळणीसारखी भोकं पडली होती. बॅटरीतलं आम्ल कापड खातं, हे मला त्या दिवशी समजलं आणि विनीला माझ्या आधी तासभर. माझ्या चादरींचा प्रश्न तिथेच मिटला. बॅटरी परसातल्या खोपटात, लाकडी फळीवर गेली. ग्रॅहम पेटता पाइप तोंडात घेऊन मागोमाग निघाला तसं क्लिफर्ड ओरडले, "विस्तव लांब ठेव! हिच्यातून वायू निघतो. शनिवारच्या आधीच ग्रिमशॉला बोलवायची पाळी यायची!"

"पण ओल लागली कशी?" मी विचारलं. "वर्षभर तर तुम्ही तिची बडदास्त ठेवताय."

खरंच ठेवली होती. त्या गाडीची बॅटरी पुढे नाहीच. आसनांच्या मागे, गाडीच्या तळातल्या एका पेटीत असते. वर झाकण, त्यावर गालिचा. म्हणजे वरून छत गळलं तरी पाणी तिथेच, आणि खालून चाकांनी उडवलेलं पाणीही तिथेच. गेल्या वर्षीच्या अपमानानंतर क्लिफर्डनी चंगच बांधला. बॅटरीला विनीची न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी घातली. त्यावर न्हाणीघराचाच पडदा कापून लपेटला. त्यावर चहाच्या किटलीची लोकरीची टोपी, थंडी वाजू नये म्हणून. झाकणाच्या कडा न्हाणीघराच्या फरशीला लावतात त्या लांबीने, म्हणजे चिकट लुकणाने, बुजवल्या. विनी म्हणायची, "म्हाताऱ्या, आता मी आंघोळ कुठे करू ते सांग. गाडीतच येऊ का?"

"वरून बंद, खालून बंद, चारी बाजूंनी बंद," क्लिफर्ड बोटांवर मोजत म्हणाले. "मुंगी शिरणार नाही. आणि तरी पाणी! हे काही नैसर्गिक नाही, सिल्व्हिया."

मी हात पुसले आणि म्हटलं, चला बघू.

गाडी त्यांच्या दारात उभी होती, कापडी छत ओढलेलं. त्यांनी गालिचा उचलला, झाकण बाजूला केलं. मी वाकून पाहिलं. जरा ओल कसली! पेटीत तळं होतं. अर्ध्यापर्यंत तपकिरी पाणी, आणि त्यावर किटलीची लोकरीची टोपी बदकासारखी तरंगत होती.

"छताची शिवण जरा सैल आहे," क्लिफर्ड पुटपुटले. "थेंब थेंब येतं."

"येतं ते येऊ दे. जातं कुठून?"

"जात नाही ना! खाली मुळात एक भोक होतं. कारखान्यातूनच आलेलं. रस्त्याचं पाणी त्यातून वर उडायचं. ते मी पहिलं बुजवलं. चांगलं मूठभर लांबी घालून."

आता क्लिफर्डबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत कुंडी कशी भरावी याचे ते जगद्गुरू आहेत. कुणाच्याही दारात थांबतात, कुंडी उचलतात, उलटी करून बुडाकडे बघतात. मागच्या वसंतात माझं जिरेनियम पिवळं पडलं तेव्हा त्यांनी मला अर्धा तास उभं केलं होतं. "झाड तहानेने मरत नाही, पोरी, बुडून मरतं. पाणी घालायला कोणीही घालेल. त्याला जायला वाट ठेवली का, ते बघायचं." ग्रॅहम अजून माझ्या प्रत्येक पुडिंगला विचारतो, बुडाला भोक ठेवलंस का.

त्यांच्याच पायरीवर त्यांच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. त्यातली एक रिकामी मी उचलली, उलटी केली, आणि बुडाचं भोक त्यांच्यासमोर धरलं.

क्लिफर्डनी भोकाकडे पाहिलं. मग तळ्याकडे. मग पुन्हा भोकाकडे. टोपी डोळ्यांवर ओढली.

विनी चहाचे पेले घेऊन दारात आली होती. पन्नास वर्षं त्यांच्याबरोबर संसार केलेली बायको ती. तिला कुंडी एकदाच दिसली तरी पुरे.

"अगं बाई!" ती म्हणाली. "साऱ्या गल्लीच्या कुंड्या उलट्या करून झाल्या, आणि स्वतःच्या गाडीला बूच मारलं! म्हाताऱ्या, तू बॅटरीला पावसापासून नाही वाचवलंस. तू तिला आंघोळीला बसवलंस. वर न्हाणीची टोपीसुद्धा घातलीस!"

क्लिफर्डनी विनीकडे तिची विणकामाची सगळ्यात जाड सुई मागितली. तिने ती दिली, हेच मला नवल. ते ओल्या जमिनीवर पाठीवर झोपले, गाडीखाली सरकले, आणि खालून खुपसायला लागले. आधी शिव्या आल्या, मग लांबीचा गोळा, मग एकदम सगळं तळं. बाहेर राहिलेल्या सपाता तेवढ्या कोरड्या राहिल्या.

"निघालं," गाडीखालून आवाज आला.

"कळलं," विनी म्हणाली. "चहा गार होतोय."

मग आम्ही सगळे कामाला लागलो. पेटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, कारण सांडलेल्या आम्लावर तोच उतारा. पुसून कोरडी केली. बॅटरीच्या खांबांवर, म्हणजे तारा जोडतात तिथे, हिरवी बुरशी धरावी तसं काहीतरी चढलं होतं, ते हातमोजे घालून क्लिफर्डनी जुन्या दातांच्या ब्रशने घासलं आणि वर हेदरच्या ओठांना लावायचं व्हॅसलिन फासलं. खाली रबराचा तुकडा, म्हणजे बॅटरी पत्र्यावर न बसता जरा उंचावर बसेल. टोप्या, पडदे सगळं कचऱ्यात. वरून फक्त एक उतरतं झाकण, छपरासारखं. पाणी घसरेल, पण बाजूंनी हवा खेळेल. छताची शिवण विनीने मेणाचा दोरा घेऊन स्वतः घातली. घालता घालता म्हणाली, "ही शिवण मी गेल्या वर्षीच घातली असती. पण विचारायला तोंड उघडावं लागतं ना."

बॅटरी खोपटात विजेवर भरत राहिली. क्लिफर्ड दिवसातून कितीदा तरी तिला बघायला येत. आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे टोपी काढून आत जात.

शनिवारी अर्थातच पाऊस. बारीक, चिकट, आमच्या गावचा. चर्चच्या आवारात भिंतीला लागून ग्रिमशॉंची काळी गाडी उभी. ते स्वतः आदराने जरा वाकून, सवयीनेच. बँडवाले छपराखाली चहा पीत होते. हेदर मुकुट सांभाळत माझ्या छत्रीखाली, माझा हात इतका घट्ट धरून की अंगठी रुतली.

क्लिफर्ड टाय बांधून गाडीत बसले. थेल्माबाई छत्री घेऊन समोर. किल्ली फिरली. गाडी एकदा खोकली. ग्रिमशॉंनी हातमोजे चढवले. गाडी दुसऱ्यांदा खोकली, आणि मग असा गुरगुराट झाला की छपरावरची कबुतरं उडाली. हेदर किंचाळली. विनीने डोळे पुसले आणि पाऊस लागला म्हणाली.

थेल्माबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. गाडी चालूच होती.

"ठीक आहे, मिस्टर ऑर्मरॉड," त्या म्हणाल्या. "राणी तुमच्याच गाडीत. आणखी काही हवंय तुम्हाला?"

क्लिफर्डनी आभाळाकडे पाहिलं. गालिच्याकडे पाहिलं. मग छपराखाली चहा पिणाऱ्या ट्राँबोनवाल्यांकडे, त्यांच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं. टोपी काढली.

"एकच," ते म्हणाले. "बँड माझ्या मागे ठेवा."