उताणं घड्याळ आणि जागा लॅपटॉप

आमच्या ह्यांचं एक गजराचं घड्याळ आहे. उभं केलं की बंद पडतं, उताणं ठेवलं की बिनचूक चालतं. दुसऱ्या कुणी ते कधीच टाकून दिलं असतं. पण ह्यांचं म्हणणं, "चालतंय ना? मग वेळ बघायला जरा मान खाली घालावी. तेवढाच नम्रपणा अंगात येतो." त्यामुळे ते घड्याळ ह्यांच्या टेबलावर छताकडे तोंड करून वर्षानुवर्षं पडलेलं.

ते टेबल ह्यांनी सुनेला दिलं, तेव्हा मला खरं वाटेना. नात शाळेत जायला लागली आणि सुनेनं मधे सोडलेली नोकरी पुन्हा धरली. काम घरून, पण पहिले काही महिने पारखून मगच कायम करणार. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये शांत कोपरा म्हणजे ह्यांच्या टेबलाचाच. "घे," हे म्हणाले, "पण तात्पुरतं हं. कायम झालीस की मग बघू." आणि घड्याळ हलवायचं नाही, ही वर अट. पोटभाडेकरू ठेवावा तसं.

दुपारी नातीची बस येते. माझे गुडघे जिन्याला भितात, म्हणून सूनच खाली जाते. आता तिच्या कंपनीत अशी पद्धत, की माणूस लॅपटॉपसमोर असला की नावापुढे हिरवा ठिपका. उठून गेला की थोड्या वेळानं स्क्रीन आपोआप काळी होते आणि ठिपकाही जातो. हिची स्क्रीन काही केल्या काळी होईना! ही खाली, ठिपका मात्र हिरवागार. मॅनेजरबाई काही विचारायच्या, उत्तर नाही. शेवटी त्यांनी सरळच विचारलं, "जागेवर नसताना हजेरी दाखवायची काही युक्ती लावलीय का? तसं करणारे असतात."

सून स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, लबाड समजतायत हो मला. असं असेल तर कायम कशाला करतील?"

मी आपली तिच्या हातात गरम पोळी दिली.

मग उपाय सुरू झाले. सेटिंग बघितलं, पाच मिनिटांनी बंद, असं बरोबर लावलेलं. कंपनीतल्या एका मुलानं तिकडूनच लॅपटॉप चालवून पाहिला. बाण आपोआप फिरायला लागल्यावर हे चष्मा पुसून म्हणाले, "अगं, ह्याचा हात कुठाय?" त्यानं सांगितलं, आता कुणी हात लावू नका. आम्ही पूजेला बसल्यासारखे बसलो. पाच मिनिटांत स्क्रीन काळी! "काही बिघाड नाही, मॅडम."

आणि दुसऱ्या दिवशी सून खाली गेली, तर पुन्हा लख्ख उजेड.

"तुझ्यावर गेलाय तो," हे मला म्हणाले. "कुणी समोर नसलं तरी चालूच."

मी ऐकून घेतलं. दिवस माझाही येतो.

आलाच की लगेच! दोन दिवसांनी सून बसकडे गेली आणि मी ह्यांना ताक द्यायला गेले. बघते तर हे तिच्या खुर्चीत, टेबलावर पेपर अंथरून. लॅपटॉप मागे सरकवलेला. आणि त्याच्या स्क्रीनवर तो बाण मुंगीसारखा वळवळतोय. हात कुणाचाच नाही.

"अहो, माउस कुठाय?"

"व्यवस्थित ठेवलाय. पेपरखाली चेंगरू नये म्हणून."

माउस बसला होता घड्याळाच्या काचेवर. खाली सेकंदकाटा फिरतोय, वर माउसला वाटतंय आपणच चाललोय! मी उचलला, बाण थांबला. ठेवला, पुन्हा वळवळ. सून यायच्या आत हे रोज पेपरची घडी घालून माउस जागच्या जागी ठेवायचे, मग कुणाला कळणार?

सून आली तशी तिला दाखवलं. ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. "बाबा, लोक मुद्दाम करतात ना, ते हेच!"

"म्हणजे माझं घड्याळ चालतं, ही तक्रार?" हे म्हणाले. पण ताक तसंच राहिलं. पेपरची घडी घालत म्हणाले, "त्या बाईंना माझं नाव सांग. फोटो काढून पाठव घड्याळाचा."

तिनं खरंच पाठवला. मॅनेजरबाईंचं उत्तर आलं, "सासऱ्यांना सांगा, घड्याळ आवडलं. माउस लांब ठेवा." दुसऱ्या दिवशी सून खाली गेल्यावर हे पेपर मांडीवर घेऊन लॅपटॉपकडे बघत बसले. स्क्रीन काळी झाली तेव्हा मला हळूच म्हणाले, "झोपलं."

परवा तिचं कायम झाल्याचं पत्र आलं. ह्यांनी पेढा तोंडात टाकला, "म्हणजे टेबल गेलं," म्हणाले, आणि घड्याळ दोन्ही हातांवर उताणंच धरून आपल्या पलंगाशी घेऊन गेले.