प्रेमाअक्कांचा हात आणि मी लपवलेले तीन ब्लाउज

नागपूरहून बेंगळुरूला आले तेव्हा नवरा दिवसभर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात असायचा आणि मी घरात कोंडलेली. एकदा जयनगरमध्ये प्रेमाअक्कांच्या शिवणवर्गाची पाटी दिसली. आत जाऊन हिंदीत चौकशी केली. अक्कांनी माझं नागपुरी हिंदी ऐकलं, माझ्या ब्लाउजकडे पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, "हे कोण शिवलं? डावी बाही उजवीकडे लावलीय की!" मीच शिवला होता. आमची ओळख झाली ती अशी.

अक्कांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच. त्यांच्या हाताखाली कितीजणी शिकल्या, हे मोजायला त्यांना सवड झालेली नाही. वर्गाचा नियम एकच: चूक झाली की कात्री खाली ठेवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. एका मुलीने गिऱ्हाइकाचं रेशीम वाया घालवलं, तेव्हा अक्का स्वतः त्या बाईंकडे गेल्या, चूक कबूल केली आणि स्वतःच्या साडीच्या पदरातून नवा ब्लाउज कापून दिला. मुलीला एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी अक्कांच्याच हातातून कात्री निसटू लागली. "स्वल्प हात जड झालाय, वय झालं," म्हणून त्यांनी विषय उडवून लावला. मग त्यांनी बाहीचा एक मुंढा चुकीचा कापला. मी तो ब्लाउज गुपचूप घरी नेला आणि जोड देऊन सावरला. गुरूची लाज राखतेय, अशी माझी शहाणी समजूत! असे तीन ब्लाउज झाले. तोवर अक्का पायरीवरही अडखळू लागल्या होत्या. चौथा गळा वाकडा कापला गेला तेव्हा मी घाबरले आणि भर वर्गात आधीचे तिन्ही सांगून टाकले.

अक्कांनी कात्री खाली ठेवली. अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मग मीपण सांगते. दोन महिने झाले, मला अंगातल्या ब्लाउजची बटणं लावायला येईना."

डॉक्टरांनी सांगितलेल्या एमआरआयमध्ये दिसलं की मानेत मज्जारज्जू दाबला गेला आहे. मणक्यांमधल्या दोन चकत्या काढून ते मणके पट्टी आणि स्क्रूने जोडावे लागणार होते. हात पूर्वीसारखा होईल का, असं अक्कांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "खात्री देता येत नाही. आणखी बिघडू नये म्हणून हे ऑपरेशन आहे. थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं." ते शेवटचं वाक्य मला अजून टोचतं.

नातेवाइकांनी मानेला सुरी लावू देऊ नका म्हणून सांगितलं, कुणी मालिशवाल्याचा पत्ता दिला. अक्कांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. तेही तेच निघालं. "कापायचंच आहे तर ज्याचा हात थरथरत नाही त्याच्याकडून कापून घेऊ," म्हणत त्यांनी होकार दिला.

गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद होता. तीन आठवडे मऊ भात आणि सारच गळ्याखाली उतरत होतं, आवाज बसला होता, मानेला पट्टा होता. भेटायला गेले तेव्हा मी रडले. माझ्यामुळे उशीर झाला, असं म्हणाले. अक्का घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या, "अर्धी चूक माझी आहे. सगळी तूच घेऊ नको."

मग फिजिओथेरपी आणि रोज बटणं काढघाल. मान फार वाकवायची नाही म्हणून कापायचं टेबल विटांवर चढवलं. आता आम्ही बुटक्या बायका पाट घेऊन त्यावर उभ्या राहून कापतो आणि अक्का हसतात. त्या पुन्हा नीट चालतात, कात्रीही धरतात. दोन बोटं मात्र बधिरच राहिली आहेत.

गेल्या आठवड्यात एक कापड चाचपून त्यांनी मला विचारलं, "रेशीम आहे ना गं?" त्यांना किती आशा वाटत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. हो म्हणावंसं फार वाटलं. मी म्हटलं, "नाही अक्का, पॉलिएस्टर आहे." कापड जळू नये म्हणून त्यांनी इस्त्रीची उष्णता कमी केली.

आज साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या अक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या बोटांना रेशीम पुन्हा कळो. नाहीच कळलं, तर अक्का, मला विचारा. मी खोटं बोलणार नाही.