गच्ची सगळ्यांची

तिला सगळे इस्तरीबाई म्हणत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने उभी हयात चादरी कडक करण्यात घालवली, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तिच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. बाई स्वतःही इस्तरीसारखीच होती. तापली की समोरच्याच्या सुरकुत्या जात, आणि कोणी हात लावायला गेलं तर चटका ठरलेला.

नोकरीत असताना एकदा नवा मॅनेजर आला. त्याने हुकूम काढला की खासगी खोल्यांच्या चादरी रोज धुवायच्या आणि जनरल वॉर्डच्या आठवड्यातून एकदा, कारण वॉर्डातून उत्पन्न येत नाही. दोन ढीग वेगळे करायचे. इस्तरीबाई म्हणाली, "साहेब, खोलीवाल्यांना बिल जास्त लावता ते कशासाठी? त्यांची चादर काय सोन्याच्या पाण्यात धुवायची असते? त्या जास्तीच्यातूनच वॉर्डाचा साबण येत आलाय." मॅनेजर म्हणाला, सांगितलं तेवढं करा. तिने सांगितलं तेवढं सोडून बाकी सगळं केलं. ढीग एकच राहिला. शिक्षा म्हणून तिला वाफेच्या खोलीत टाकलं, आणि ती तिथूनच निवृत्त झाली. चादरी मात्र शेवटपर्यंत एकाच ड्रममध्ये फिरल्या, कारण तिच्या जागी ज्या बाया आल्या त्या तिच्याच हाताखाली शिकलेल्या होत्या.

नवरा बसच्या आगारात मेकॅनिक होता. बोलायला कमी, पण बोलला की नटबोल्ट घट्ट. लग्नानंतर वर्षभरातच त्याला उमगलं होतं की हिला वळवायला जाणं म्हणजे आपलाच पाना मोडून घेणं. तेव्हापासून तो फक्त विचारायचा, "ठरलं का?" तिने हो म्हटलं की चहा टाकायला उठायचा.

दोघं ज्या इमारतीत राहत ती चार मजल्यांची, जुनी, पण हाडापेराने मजबूत. गच्चीवर फोन कंपनीचा टॉवर. त्याच्या भाड्यातून जिन्याचे दिवे आणि पाण्याचा पंप चाले. इमारतीमागे पत्र्याच्या खोल्यांची गल्ली होती. रंगारी, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका असे लोक तिथे राहत. टॉवरची सावली दुपारी त्यांच्या पत्र्यांवर पडायची. भाडं मात्र इमारतीला मिळायचं. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं, अगदी इस्तरीबाईलाही नाही. ती इमारतीच्या कमिटीची अध्यक्ष होती, कारण ते पद दुसऱ्या कोणाला नको होतं.

गोष्ट सुरू झाली ती सवलतीच्या लाइनवरून. सरकारने गरीब घरांसाठी स्वस्तातला फोन आणि इंटरनेट काढलं होतं. कंपनीचा तोटा भरून द्यायला एक निधी होता, आणि त्या निधीसाठी झाडून सगळ्या फोनवाल्यांच्या पैशातून थोडी कपात व्हायची. कारखानदाराच्या बिलातून व्हायची तशीच गल्लीतल्या हमालाच्या रिचार्जमधूनही. मग एके दिवशी सगळ्या फोनांवर निरोप आला: निधी आटला आहे, पुढच्या महिन्यापासून पूर्ण दर. कपात मात्र तशीच चालू राहिली. ती म्हणे मागची देणी फेडायला.

गल्लीत निम्म्या घरांचं इंटरनेट बंद झालं. आणि हल्ली कामं इंटरनेटवरच मिळतात. रंगाऱ्याला भिंतीचे फोटो आल्याशिवाय काम कळत नाही, घरकामाच्या बायकांच्या पाळ्या ॲपवर लागतात. पण सगळ्यात जास्त अडली ती शिलाईवाली.

शिलाईवालीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. हात चालू लागला की मशीनसुद्धा तिच्यापुढे धापा टाकेल अशी ती होती. तिची मुलगी लांबच्या शहरात बेकरीत कामाला. मायलेकी रोज संध्याकाळी व्हिडिओवर हातांनी बोलत, भांडत, एकमेकींना टोमणे मारत. साधा फोन तिच्या काय कामाचा? इतरांचं इंटरनेट गेलं तेव्हा त्यांची सोय गेली. हिची तर लेक गेल्यासारखी झाली.

इस्तरीबाईला हे कळलं ते बसस्थानकावर. नवऱ्याच्या पेन्शनच्या कामाला दोघं आगारात गेली होती. तिथल्या प्रतीक्षालयात प्रवाशांसाठी फुकट इंटरनेट होतं. कोपऱ्यातल्या बाकावर शिलाईवाली फोन गुडघ्यांत धरून बसली होती आणि तिचे हात भराभर चालले होते. आजूबाजूचे लोक तमाशा बघावा तसे बघत होते. तेवढ्यात पहारेकरी आला आणि काठीने बाकावर ठकठक करत म्हणाला, "ए बाई, रोज येऊन बसतेस. हे प्रवाशांसाठी आहे."

तिला ऐकू गेलं नाही. बाक हादरला म्हणून तिने वर पाहिलं.

इस्तरीबाई जाऊन तिच्या शेजारी बसली. "ती माझ्याबरोबर आहे. मी प्रवासी आहे."

"कुठे निघालात?"

"अजून ठरायचंय. तुमच्याकडे गाड्याही वेळेवर ठरत नाहीत, मलाच कसली घाई?"

पहारेकऱ्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताच्या पंख्याकडे बघत होता. पहारेकरी निघून गेला. शिलाईवालीने मुलीशी बोलणं पुरं केलं, मग फोनवर टाईप करून इस्तरीबाईसमोर धरलं: "उद्या पण तो येईल. मी पण येईन."

ते वाक्य इस्तरीबाईला फार आवडलं. घरी येईपर्यंत ती बसच्या तिकिटाला नखाने इस्तरी करत राहिली, आणि नवऱ्याने ओळखलं की आता काहीतरी शिजतंय.

त्याच सुमारास कंपनीचा साहेब इमारतीत आला. टॉवरवर नवी, जास्त वेगाची यंत्रं बसवायची होती. नवा करार हवा होता. गच्ची सगळ्या घरमालकांची मिळून, म्हणून करारावर सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या. बाकीच्यांनी केल्या. साहेब शेवटी इस्तरीबाईच्या घरी आला, पाणी प्याला, कागद पुढे केला.

"मावशी, इथे तुमची."

"करते. मागच्या गल्लीची सवलत पुन्हा चालू करा, लगेच करते."

साहेब हसला. पोरगेलासा होता, बोलायला नम्र. "मावशी, ते माझ्या हातात नाही. आणि खरं सांगू का, कंपनीच्याही नाही. निधी सरकारचा. सरकार देईना, तर आम्ही तोटा किती सोसायचा?"

"सरकारी खात्यात मी कालच जाऊन आले. ते म्हणतात, कंपनी चिक्कार कमावते, तिनेच सोसावं."

"असं कसं? आमच्या तारांवरून दिवसभर व्हिडिओ पाठवतात त्या बड्या कंपन्या बघा. रस्ता आमचा झिजतो, गल्ला त्यांचा भरतो. त्यांनी द्यायला हवं."

"मग त्यांच्याकडे जाते. त्यांचं ऑफिस कुठे आहे?"

"इथे नाही त्यांचं ऑफिस."

"म्हणजे घेताना घरोघरी, आणि द्यायच्या वेळी दारच नाही." इस्तरीबाईने कागद त्याच्याकडे सरकवला. "हे बघ बाळा, तुम्ही तिघं एकमेकांकडे बोट दाखवता, ते मला समजतं. तुमचं तिघांचं भांडण तुम्ही सावकाश मिटवा. पण ते मिटेपर्यंत भरतंय कोण? तो हमाल. त्याची कपात चालू आहे आणि त्याचीच लाइन बंद आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार ऐकलं होतं. इथे बायजी उदारही नाही."

साहेब कागद घेऊन गेला. नवरा आतून म्हणाला, "ठरलं का?"

"ठरलं."

त्याने चहा टाकला.

आठवड्याभराने साहेब नवा प्रस्ताव घेऊन आला. इस्तरीबाईकडे नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाकडे. सगळ्या सह्या झाल्या तर इमारतीतल्या प्रत्येक घराला वेगाची लाइन फुकट. कारकुनाने लगेच जिन्याखाली सभा बोलावली. माणूस वाईट नव्हता. दोन मुली शिकणाऱ्या, एकाच फोनवर दोघींचा अभ्यास, रोजची कटकट. त्याच्या डोळ्यांत त्या फुकट लाइनीने घरच्या शांततेचं स्वप्न उभं केलं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही अडून बसलात म्हणून हे मिळतंय, तुमचे उपकारच आहेत. आता सही करून टाका. तुमचंही काम झालं, आमचंही."

"माझं काम कुठे झालं भाऊजी? मी मागच्या गल्लीचं मागितलं होतं. त्यांनी पुढच्या दाराने आपल्याला दिलं."

"मग घ्यायला काय हरकत आहे?"

"ज्याच्याकडे गच्ची आहे त्याला फुकट, आणि ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याला पूर्ण दर. ही सवलत नाही, हे माझं तोंड बंद करायचं बूच आहे. मी सही करणार नाही."

"तुमच्या एकटीच्या हट्टापायी सगळ्यांनी का सोसायचं?" तळमजल्यावरची एक जण बोलली, आणि मग सगळेच बोलायला लागले. कोणी म्हणालं, गल्लीची एवढी कणव असेल तर तुमच्या पेन्शनीतून भरा. इस्तरीबाई शांतपणे म्हणाली, "एका घराचं भरीन. शिलाईवालीचं भरायला मी गेलेच होते. तिने माझा हात धरून मला दाराबाहेर आणलं. तिला दान नको, तिची लाइन हवी आहे. आणि मलाही तेच पटलं."

त्याच सभेत हात वर झाले आणि इस्तरीबाईचं अध्यक्षपद गेलं. कारकून अध्यक्ष झाला. पण गच्चीतला तिचा वाटा कोणाला हात वर करून काढून घेता येत नव्हता. करार तसाच राहिला.

मग अबोला सुरू झाला. जिन्यात गाठ पडली की लोक भिंतीकडे वळत. तिच्या दारासमोरचा दिवा गेला तो बदलायला कोणाला सवड होईना. नवऱ्याने स्टुलावर चढून स्वतः बदलला, आणि उतरताना म्हणाला, "अंधारात आपणच ठेचाळलो असतो असं नाही. भांडायला येणारेही ठेचाळले असते." पण रात्री जेवताना इस्तरीबाईचा घास फिरत राहायचा. शेजारणीशी तिची मायलेकींसारखी माया होती, आणि तीच आता दार लोटून घ्यायची. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "मी चुकतेय का हो?" त्याने तिच्या ताटात आमटी वाढली. "चुकत असशील तर महाग पडेल," तो म्हणाला, "आणि बरोबर असशील तरी महागच पडेल. मग बरोबरच राहा."

कंपनीने कंटाळून शेजारची इमारत धरली. तिथली गच्चीही चालण्यासारखी होती. तिथला अध्यक्ष न्हावी. शिलाईवालीने त्याच्या दुकानाचे एप्रन शिवलेले. साहेब तिथे पोचायच्या आधी शिलाईवाली पोचली होती. तिने काय सांगितलं, कसं सांगितलं, कोणाला ठाऊक नाही. पण न्हाव्याने साहेबाला खुर्चीत बसवलं, मानेभोवती फडकं गुंडाळलं आणि म्हणाला, "दाढी करून देतो. सही मात्र गल्लीच्या लाइनीनंतर." तिसऱ्या इमारतीनेही तेच सांगितलं. गच्च्यांना जणू एकमेकींची हवा लागली.

आता कंपनीपुढे पेच पडला. तो सगळा भाग सोडून नवी यंत्रं बसवण्यात अर्थ नव्हता. शेवटी त्यांनी पत्रक काढलं की निधीचा वाद मिटेपर्यंत या भागातल्या सवलतीच्या लाइनी कंपनी आपल्या नफ्यातून चालवेल. इमारतीला देऊ केलेली फुकट लाइन त्या पत्रकात नव्हती. कारकून ते वाचून इस्तरीबाईच्या दारात आला.

"म्हणजे आमच्या हातचं गेलं," तो म्हणाला.

"गेलं. माझ्यामुळे गेलं. तुमच्या मुलींना संध्याकाळी माझ्याकडे पाठवत जा, माझ्या फोनवर एक बसेल."

तो पत्रकाची घडी घालून खाली गेला. मुली दोन दिवसांनी आल्या. आईने पाठवलं म्हणाल्या, बाबांना विचारलेलं नाही. इस्तरीबाईने तेवढ्यावर समाधान मानलं. सही तिने केली, पण गल्लीतल्या रंगाऱ्याच्या, हमालाच्या आणि शिलाईवालीच्या फोनवर लाइन चालू झालेली आपल्या डोळ्यांनी बघून मग.

पुढे सरकारी खात्याने या सवलतीवर सुनावणी ठेवली आणि तिलाही बोलावलं. लांबट टेबलामागे अधिकारी, एका बाजूला फोन कंपन्यांचे वकील. यावेळी बड्या व्हिडिओ कंपन्यांचाही एक वकील आला होता. शिलाईवाली इस्तरीबाईच्या शेजारच्या खुर्चीत, आणि तिच्या हातातल्या फोनवर तिची मुलगी, जी बेकरीच्या मागच्या खोलीतून वकिलांचं बोलणं ऐकून आईला हातांनी सांगत होती.

अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, तुमचं म्हणणं काय? कोणी भरावं?"

"ज्याला या तारांतून जास्त मिळतं त्याने जास्त," इस्तरीबाई म्हणाली. "यांनीही, त्यांनीही. आणि कमी पडलं तर तुम्ही तिजोरीतून. फक्त ज्याच्यासाठी सवलत आहे त्याच्या खिशातून ती काढू नका."

व्हिडिओ कंपनीचा वकील उठला. आमच्यावर बोजा टाकलात तर शेवटी तो ग्राहकांवरच पडेल, असं त्याने समजावून सांगितलं. आवाज गोड होता, पण त्यातली धमकी लपत नव्हती.

"पाडून बघा," इस्तरीबाई म्हणाली. "मी पुन्हा येईन. निवृत्त बाई आहे, मला वेळच वेळ आहे."

निकाल त्या दिवशी लागला नाही, अजूनही लागलेला नाही. पुढची तारीख पडली तेव्हा शिलाईवालीने फोनवर टाईप करून तो अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. त्याने चष्मा सारखा करून वाचलं: "मी पण येईन."