पहिल्या रांगेतून पाहिलेली विनता

विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरायला लागलं तशी मी खिडकीला नाक लावलं आणि शेजारच्या गृहस्थांचं भान न ठेवता मोठ्यांदा "अगं बाई!" म्हणाले. खाली खाडीच्या कडेनं मिठागरं होती, पण रंग कसले! एक विटकरी, एक शेवाळी, एक चक्क कुंकवासारखं लाल. आम्ही नागपूरची माणसं, समुद्राशी आमचा संबंध सहलीपुरता. मनात आलं, आता इथूनच परत पाठवलं तरी तिकीट वसूल.

आले होते मात्र सिनेमा बघायला. हसू नका. माझी नणंद, मालतीवन्सं, फ्रीमाँटला राहतात. आयुष्यभर तिकडे डॉक्टरकी करून आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांचा फोन आला की डोळ्यांत मधोमध डाग आलाय, थोडं अंधुक दिसतं आणि ते वाढत जाणार. मग म्हणाल्या, "बर्कलीला तो बंगाली सिनेमा दाखवतायत. रिस्टोअर केलेला, मोठ्या स्क्रीनवर. एकच शो आहे. तू ये सुधा, मला तुझ्याबरोबरच बघायचाय."

तो सिनेमा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या तरुणपणी बंगाली कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं वाचनालयात यायची आणि त्यांच्यासाठी नंबर लावावा लागायचा. त्यातल्या एकीनं वन्संना वेड लावलं. नदीकाठच्या गावातली विनता नावाची सून सासरचं घर सावरता सावरता स्वतः झिजून जाते, एवढीच गोष्ट. ती मराठीच आहे अशी वन्संची खात्री. मूळ बंगाली आहे हे कॉलेजात कळलं, तेव्हा घरातली मुलगी दत्तक दिल्यासारख्या रडल्या म्हणे. मी लग्न होऊन घरात आले, तर माझ्या हातात पहिलं पुस्तक दिलं तेच, आणि पुढे स्वतःच्या मुलीचं नावही विनता ठेवलं. कादंबरीवरचा सिनेमा नागपुरात एकदाच लागला होता आणि नेमकी दुसऱ्या दिवशी वन्संची ॲनाटॉमीची परीक्षा. तो हुकला तो हुकलाच. आता डोळे जायच्या आत पडद्यावरच्या विनताचा चेहरा एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

विमानतळावर माझी भाची, म्हणजे त्यांची विनता, त्यांना घेऊन आली होती. वन्संनी मला घट्ट जवळ घेतलं, पण बोलताना बघत होत्या बाजूच्या सामानाच्या ट्रॉल्यांकडे. घरी गेल्यावरही तेच. मी हौसेनं सांबारवडी (नागपूरबाहेरच्यांसाठी: कोथिंबिरीची पुडाची वडी) तळली. वन्संनी तोंड भरून कौतुक केलं, ते फ्रिजकडे बघून. मला टोचलंच. अमेरिकेत राहून माणसं बदलतात म्हणतात ते खोटं नाही, असं मनाशी म्हणत मी भांडी आवरली.

शोच्या दिवशी दुपारीच निघालो. दोन्ही बाजूंना वाळल्या गवताचे डोंगर, सायीसारखे मऊ आणि पिवळेधमक. विनता कारपूल लेननं (गाडीत एकाहून जास्त माणसं असली तरच जायची वेगळी लेन) झपाझप चालली होती आणि मी राणीसारखी बाहेर बघत होते. ओकलंडच्या अलीकडे पुढे कुठेतरी ॲक्सिडेंट झाला आणि सगळा फ्रीवे जागच्या जागी थिजला. वन्संनी पर्सचा पट्टा पिळायला सुरुवात केली. विनता म्हणाली, "मम्मा, चिल. वी विल मेक इट." वन्संनी पट्ट्याला आणखी एक पीळ दिला.

पोचलो तेव्हा दिवे मंद होत होते. विनता आम्हाला दारात सोडून पार्किंग शोधायला गेली. पहिली रांग मोकळी होती. मान मोडून कोण बसणार तिथं? आम्हाला तीच हवी होती. सबटायटलची इंग्रजी अक्षरं वन्संना वाचता येणार नव्हती, तेव्हा मी कानात मराठीत सांगत जायचं असं ठरलेलं. मी पहिलं वाक्य कुजबुजले आणि मागून एक बाई अगदी सभ्यपणे "प्लीज" म्हणाली. दुसरं कुजबुजले, पुन्हा "प्लीज". माझी बोलतीच बंद झाली.

आणि मग पडद्यावर नदी आली. काय सांगू तुम्हाला! भिंतभर नुसतं पाणी, पहाटेचं, आणि त्यावर सरकणारी होडी. इतका जुना सिनेमा, पण पाण्यावरची लकेर न् लकेर मोजून घ्यावी. मी हात जोडायचीच बाकी होते. शेजारी पाहिलं तर वन्सं पडद्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

मला वाटलं, मी बोलायची वाट बघतायत. मी त्यांचा हात दाबला, ओठांवर बोट ठेवलं. त्या बघतच राहिल्या. मध्यंतरात सगळं सांगीन असा मी बेत केला. पडद्यावर मध्यंतराची बंगाली पाटी आली, हॉलमधली बंगाली मंडळी सवयीनं उठली, मीही चिवड्याची पुडी काढली, तोवर पाटी गेली आणि सिनेमा पुढे सुरू! सगळी हसत खाली बसली. इकडे मध्यंतर देतच नाहीत.

शेवटी घाटावर दिवा सोडताना पडद्यावरची विनता मान वर करते. तो चेहरा दुमजली घराएवढा होता आणि मी आजवर इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. वन्संच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तोंड अजून माझ्याकडेच. एवढा जन्मभर वाट पाहिलेला चेहरा समोर आहे आणि वन्संना दिसत नाही, या विचारानं माझा जीव नुसता तुटला.

बाहेर आलो. विनता कोट घेऊन उभी होती. मी म्हटलं, "वन्सं, चुकलं माझं. मला बोलता आलं नाही आणि तुम्हाला काहीच दिसलं नाही."

"कोण म्हणतं दिसलं नाही?" त्या म्हणाल्या. "नाकात चमकी होती तिच्या. कादंबरीत नाहीये ती." मग म्हणाल्या, "अगं, ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. मधलं सगळं गेलंय माझं. कडेनं तेवढं दिसतं. तुझ्याकडे बघत राहिले, म्हणून ती दिसली मला. सगळी दिसली."

त्या ट्रॉल्यांचा आणि त्या फ्रिजचा माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. विनता हळूच म्हणाली, "मम्मा, यू नेव्हर टोल्ड मी. थोडं अंधुक म्हणालीस." वन्संनी तिच्यावरून तोंड फिरवलं, पलीकडच्या पोस्टरांकडे वळवलं आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. विनताला समजलं. ती जागची हलली नाही.

आता नागपुरात परत आलेय. ती मिठागरं, ते डोंगर सगळ्यांना सांगून झालं. दर रविवारी वन्संचा व्हिडिओ कॉल येतो आणि फोनवर मला त्यांचा कान दिसतो, कानातली मोत्याची कुडी, पिकलेल्या केसांची बट. परवा शेजारीण बसली होती. म्हणाली, "अहो, त्या तर तुमच्याकडे बघतच नाहीत!"

मी म्हटलं, "बघतायत," आणि पदर नीट केला.