अळूचा खटला

हॉर्स्टनं जर्मनीतल्या येना शहरात, एका कारखान्यात भिंगं घासण्यात जन्म काढला. मधली दोन वर्षं तेवढी तुरुंगात गेली. पूर्व जर्मनीचे दिवस. कँटीनमधल्या पक्षनेत्याच्या तसबिरीकडे बघून तो म्हणाला होता, "साहेबांच्या तसबिरीला आपलं भिंग लावा, त्याशिवाय त्यांचं कर्तृत्व दिसायचं नाही." टेबलावरचे सगळे हसले. त्यांतल्याच एकानं वर कळवलं.

तिथल्या राजकीय कोर्टात निकाल तयारच यायचा. कोर्टानं तो गंभीर चेहऱ्यानं वाचायचा, म्हणजे कँटीनमधले बाकीचे गुमान जेवतात. हॉर्स्टच्या वकिलानं आधी सरकारची आरती ओवाळली, मग अशिलातर्फे माफी मागितली. हॉर्स्टला कोणी काही विचारलंच नाही. राजवट कोसळल्यावर दुसऱ्या कोर्टानं शिक्षा रद्द केली. वर्षं काही परत आली नाहीत. न्यायाधीशाला पेन्शन मात्र वेळेवर.

आता पंचाहत्तरी ओलांडलेला हॉर्स्ट गावाबाहेरच्या बागवसाहतीच्या समितीवर आहे; तिथं बागेचे तुकडे भाड्यानं देतात. त्याच्या शेजारचा तुकडा पुण्याहून येऊन इथं राहिलेल्या लतिकाचा. तिथं राबतात तिचे वडील भास्कर, भोसरीचे निवृत्त टर्नर. नियम असा की तिसरा हिस्सा खाण्याजोगं पीक हवं. भास्करांनी तिथं अळू लावलं. जर्मन लोक अळू कुंडीत शोभेला ठेवतात. तक्रार झाली.

शनिवारी समितीचे तिघं बांधावर जमले. तुकडा काढून घ्यायचा कागद अध्यक्षांनी टाइप करूनच आणला होता. हॉर्स्टनं तो हातानं बाजूला केला.

"आधी यांचं ऐकू," तो म्हणाला.

ऐकायचं काय, ही शोभेची पानं, असं अध्यक्षांचं मत. हॉर्स्टनं तिरीमिरीत एक पान तोडलं आणि चावलं. भास्कर "अहो, थांबा" म्हणाले, पण लतिकानं ते जर्मनमध्ये सांगेपर्यंत घास उतरला होता. हॉर्स्टचा घसा असा खवखवला की डोळ्यांतून पाणी आलं.

अध्यक्ष खूश. "म्हणजे विषारीही आहे."

अळू चिंच घालून शिजवतात, त्याच्या वड्या करतात, लतिका समजावू लागली. भास्कर तडकले. "कच्चा बटाटा खातात का हे?" लतिकानं तेही जसंच्या तसं सांगितलं.

तिघांच्या सह्या लागणार होत्या. दोन झाल्या. हॉर्स्टनं पेन परत सारलं.

"वडी खाल्ल्याशिवाय सही नाही. वाईट लागली तरी चालेल. पण आधी ऐकायचं, मग टाइप करायचं."

"ही बाग आहे हॉर्स्ट, कोर्ट नाही."

"तेही कोर्ट नव्हतंच," तो खोकत म्हणाला.

बैठक पुढच्या शनिवारवर गेली. भास्करांनी तालमीच्या वड्यांसाठी लगेच कोवळी पानं खुडायला घेतली. हॉर्स्ट घसा धरून पाणी मागत होता.